पोच

मंगळवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण माझी कंबर सध्या संपावर आहे. तेव्हा उभ्या उभ्याच करते, गोड मानून घ्या. दादांना वेगळा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे काय, ते पुढे कळेलच.

एवढ्या काळानंतर ही बया पत्र कशाला लिहिते आहे, असं मनात आलं असेल. आधी फोनच केला होता. तुमच्या लेकीनं उचलला. म्हणाली, "काकू, आईला फोनवर आता काहीच ऐकू येत नाही गं. निरोप सांग, मी देते." निरोपात बसण्यासारखं नव्हतं आणि ओरडून सांगण्यासारखं तर मुळीच नव्हतं. म्हणून कागद ओढला. माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे हे तुम्हीच सांगत आलात, तेव्हा चष्मा पुसून घ्या.

आधी घरातल्या बातम्या. खाली तुमच्या भाऊजींचं सोफे दुरुस्त करायचं दुकान तसंच चालू आहे. सरसाचा वास जिन्यातून वर येतो आणि कव्हरं शिवायला मीच बसते. लोकांच्या सोफ्यांच्या सांदीत सापडलेल्या वस्तूंचा डबा आठवतो ना? तो भरला, आता दुसरा लावलाय. परवा एक खोटा दात निघाला. मालकाला फोन केला तर म्हणे, "आमच्या घरात सगळ्यांचे दात खरे आहेत." मग ज्याचा दात त्याचाच सोफा असेल, पाहुणा कशाला दात ठेवून जाईल! हे अजून त्या दातावरून हसतात.

स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळची तुमची खुर्ची आहे तिथेच आहे. ह्यांनी तिला नवं कापड लावायचं काढलं होतं. मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार. तिच्या पाठीवर उजवीकडे तो दुधाचा डाग आहे ना, माझ्या ठकूचं तोंड टेकायचं तिथला, तो मी जाऊ देणार नाही. हे म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक वर आलं तर काय म्हणेल?" म्हटलं, गिऱ्हाईक स्वयंपाकघरात येतंच कशाला?

ती खुर्ची दिसली की मला दुपार आठवते. ठकूला भरवून झालं की तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून तिथे बसायचात. ती तुमच्या खांद्यावर, लाकडासारखी ताठ, आणि तुमचा तळहात तिच्या पाठीवर. थोपटायचा नाही, नुसता ठेवायचा. मी सुरुवातीला धपाधप थोपटायचे, तेव्हा तुम्ही म्हणालात, "धाकटे, ती काय सतरंजी आहे? ढेकर कानानं ऐकायचा नसतो, हातानं ऐकायचा असतो." तुमचा एक कान तेव्हाच गेला होता. मला वाटलं, स्वतःच्या बहिरेपणाचं कौतुक करताहेत. पण खरंच, आम्हाला ऐकू यायच्या आधी तुम्हाला कळायचं. तुमच्या भुवया वर जायच्या आणि सगळं घर थांबायचं. खाली ह्यांची हातोडी थांबायची, दादा पेपर खाली घ्यायचे, मी नळ बंद करायचे.

आणि मग तो यायचा. काय ढेकर होता, ताई! एवढ्याशा पोरीच्या पोटातून एखाद्या कंत्राटदाराचा निघावा तसा. तुम्ही लगेच ओरडायचात, "आली पोच!" दादा जन्मभर पार्सल ऑफिसात, त्यांचाच शब्द. माल पोचला, पोच आली, आता काळजी नाही.

पण खरी गंमत त्यानंतरची. ठकू हसायची. जन्मताना श्वास अडकला तेव्हा डॉक्टरांनी काय काय नाही म्हणून सांगितलं होतं. बसणार नाही, बोलणार नाही, ओळखेल की नाही सांगता येत नाही. हसण्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं, म्हणून आम्हीही आशा ठेवली नव्हती. आणि ही पहिल्यांदा हसली ती स्वतःच्या ढेकराला. मग रोजच. ढेकर द्यायची, तुम्ही "आली पोच" म्हणेपर्यंत दम धरायची आणि मग तोंड वाकडं करून खदखदायची. तिच्याजवळ तेवढा एकच विनोद होता. रोज तोच आणि रोज नवा.

तो विनोद आता गेला, ताई. हे लिहायला मी चार परिच्छेद घेतले.

ढेकर येतो अजून. पण तो आला की ती रडते.

तिला पित्ताचा त्रास आहे, एवढंच तुमच्या कानावर आलं असेल. तो शब्द फार लहान आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक दार असतं म्हणे, वर येऊ न देणारं. हिचं ते लागतच नाही. पोटाला बसवलेल्या नळीतून दूध सोडलं की थोड्या वेळानं ते आंबट होऊन वर चढतं. आपल्याला असं झालं तर आपण उठून बसतो, पाणी पितो, घरभर कुरकुर करतो. ती काय करणार? कमानीसारखी ताणली जाते, मान मागे टाकते, ओठ चावते. आधी तर सगळ्यांना वाटलं झटके आहेत, आणि झटक्यांचं औषध वाढवलं. मागचे दात झिजून पिवळे पडलेत. मग एकदा नळी उघडली तर तपकिरी कण दिसले, जुन्या रक्ताचे. आत दुर्बीण घातली तेव्हा अन्ननलिका सोललेली. जखमांवरून रोज ते आंबट जात होतं आणि आम्ही म्हणत होतो, पोर हट्टी झाली आहे.

उपाय करायचं काही सोडलं नाही. अ‍ॅसिड कमी करायचं औषध चालू आहे. त्यानं जळजळ उणावली, पण वर यायचं ते येतच राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध तिखटपणा काढून घेतं, वाट अडवत नाही." दूध बदललं, घट्ट केलं, थोडं थोडं दिलं, मग पंप लावून थेंब थेंब. ह्यांनी सोफ्याच्या फोमची उतरती गादी केली, डोकं उंच राहावं म्हणून. सकाळी पाहतो तर पोर घसरून पायथ्याशी. मग गादीच्या मधोमध एक उंचवटा शिवला आणि ठकूला त्यावर स्वार केलं. हे म्हणाले, "घोड्याला खोगीर करतात, मी खोगिराला पोरगी केली." तेवढाच हशा. पुढे त्याच नळीतून दुसरी बारीक नळी आतड्यापर्यंत नेली, म्हणजे जठर मधे नकोच. ती सरकून परत जठरात आली, परत घातली, परत आली.

आणि या थंडीत ते सगळं फुफ्फुसात उतरलं. न्यूमोनिया झाला, ऑक्सिजनवर होती. तुम्हाला कळवलं नाही. कळवावं असं रोज वाटायचं, पण तुमच्या-माझ्यात जे झालं त्यानंतर पहिला शब्द तो असावा असं वाटेना.

आता शस्त्रक्रिया ठरली आहे, १८ तारखेला, गुरुवारी. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. गळ्याला मफलर गुंडाळतो तसा. मग खालचं वर येत नाही. बऱ्याच मुलांना आराम पडतो, काहींचे टाके पुढे सैल होतात, काहींना उमासे येत राहतात. डॉक्टरीणबाई काही लपवत नाहीत. हिच्या फुफ्फुसांना भूल सोसेल का, ही त्यांनाही काळजी आहे. पण आणखी एक न्यूमोनिया झाला तर तो हिला सोसणार नाही, हेही त्याच म्हणाल्या.

मग त्या म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा, यानंतर हिला उलटी होणार नाही आणि ढेकरही देता येणार नाही." त्या पुढे बोलत होत्या, पण माझ्या कानात काही शिरेना. फुफ्फुसांचं ऐकलं, भुलीचं ऐकलं, डोळ्यांतून टिपूस नाही. आणि ढेकर म्हटल्यावर मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. त्या बिचाऱ्या पाणी घेऊन उभ्या. काय सांगू त्यांना? बाई, हिचा एकुलता एक विनोद आहे हो तो?

सांगितलंच शेवटी. त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

दादांनी मागे ह्यांना लिहिलेल्या पत्रात खाली तुमची एक ओळ होती: "नळी घातल्यापासूनच पित्त वाढलं, तेव्हा माझं ऐकलं असतं तर." ती वाचून माझा तिळपापड झाला होता. यावेळी मी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारलं. म्हटलं, माझी जाऊ असं म्हणते, खरं का? म्हणाल्या, "अर्धं खरं आहे. काही मुलांना पोटात नळी बसवल्यावर हा त्रास वाढतो." म्हणजे तुमचं अर्धं खरं निघालं, ताई. हे मी लिहून देते आहे, फ्रेम करून भिंतीवर लावा.

राहिलेलं अर्धं मात्र तुम्हाला कोणी सांगितलं नाही. ते मी आज सांगणार आहे. ह्यांना दाखवून लिहिते आहे, ते समोर बसून मान हलवताहेत.

तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेला होतात, त्या वेळी दवाखान्यात ठकूची एक तपासणी झाली. एक्स-रेच्या पडद्यासमोर बसवून भरवायचं आणि घास कुठे जातो ते बघायचं. मी आपला नेहमीचाच चमचा नेला होता. तुम्ही विस्तवावर धरून मान वाकवलेला, तो पिवळा. कुस्करलेल्या केळ्यात पडद्यावर दिसणारं औषध मिसळलं आणि भरवलं. तिनं तुमच्याकडून शिकल्यासारखा छान आ केला. पडद्यावर एक काळा दोरा खाली उतरला. मग त्याला फाटा फुटला आणि तो फाटा श्वासनलिकेत गेला. ताई, ती खोकली नाही. ठसका नाही, काही नाही. चमचा संपल्यावर आणखी हवं म्हणून आ केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही मुलांचं असं गुपचूप जातं, भरवणाऱ्याला कळायला मार्गच नसतो.

भरवत मीही होते. पण रोजचे तास न् तास तुमचे होते. तुमचा भात गार व्हायचा, तिचा घास नाही. गालांवर जे काही मांस चढलं होतं ते तुमच्या हातचं. आणि तुम्ही परत आल्यावर मी तुम्हाला काय सांगणार होते, की तो घास फुफ्फुसात जात होता? मी ह्यांना म्हटलं, ताईंना हे कळता कामा नये. आणि तुमच्यासमोर येऊन म्हणाले, "मला नाही जमत दिवसभर चमचा धरून बसायला. नळी बसवणार आहोत."

तुम्ही भडकलात. भडकणारच. "तोंड असलेल्या पोरीच्या पोटाला भोक पाडतेस? तिच्या जिभेची चव काढून घेतेस? तुला पोच म्हणून नाही." मग तुमचं सामान बांधून झालं आणि दादा लेकीकडे राहायला जायचं म्हणू लागले. मी तो पिवळा चमचा तुमच्या पिशवीत टाकला होता. तुम्ही तो काढून ओट्यावर ठेवून गेलात.

मला राग सोसवला, ताई. मी तशीही भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे, माझ्या नावावर आणखी एक भांडण म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी. तेव्हा मला वाटलं, राग आज ना उद्या निवेल, पण हे कळलं तर तुम्ही पुन्हा कुणाच्या बाळाला घास भरवणार नाही. तुमची नात तेव्हा महिन्याचीही नव्हती.

मग आज का सांगते? कारण मला तुम्हाला 'या' म्हणायचं आहे. आणि खोटं दारात आडवं पडलेलं असताना आपल्या माणसाला घरात या म्हणता येत नाही.

तर आता मुद्द्याचं. ढेकर येणार नाही, पण पोटात हवा तर भरणारच. ती नळीतून काढायची. सिरिंजचा दांडा काढून तिची नळकांडी नळीला जोडायची, उंच धरायची आणि थांबायचं. मग हवा वर येते आणि आवाज होतो. डॉक्टरीणबाईंनी करून दाखवलं. फुस्स, आणि मग बारीकसं गुडगुड. अगदीच मरतुकडा आवाज आहे, पण आवाज आहे. मी लगेच ठकूच्या कानाशी म्हटलं, "आली पोच!" तिनं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ह्यांनी म्हणून पाहिलं. ह्यांच्याकडे पाहिलं, पण वसुलीला आलेल्या माणसाकडे बघतात तसं. पोचही देणाराच्या हातची लागते, तिला कोण खरं आणि कोण तोतया हे बरोबर कळतं.

तुम्ही या, ताई. तिला समजवा की हाही ढेकरच आहे, फक्त दार बदललंय. पाठीवर हात ठेवा, नळीत हवा आली की भुवया वर करा, आणि म्हणा. दुसरं काही करायला नको, सगळं मी करेन. आणि १८ च्या आधी आलात तर… गुरुवारी तिला आत नेताना मी एकटी असू नये असं मला वाटतं. हे असतील, पण हे दवाखान्यात खुर्च्यांच्या शिलाया तपासत बसतात. मला तुम्ही हव्या आहात. भीती वाटते आहे मला.

वाचून राग आला तर तसं कळवा. यावंसं वाटलं नाही तरी कळवा. पत्राची पोच तेवढी द्या.

तुमची,
पोच नसलेली धाकटी


शनिवार, १३ फेब्रुवारी

धाकटीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचंच आहे. दादांनी दोनदा माझ्या कानाशी वाचून दाखवायला घेतलं आणि दोनदा ते चष्मा पुसायला थांबले, मग मी हातातून काढून घेऊन स्वतःच वाचलं.

मला तुझ्यासारखं पाल्हाळ लावता येत नाही. जे आहे ते लिहिते.

केळ्याच्या चमच्यानंतर तिच्या पाठीत घरघर लागायची. नेहमी नाही, पण लागायची. मी म्हणायची, कफ असेल. तळहाताला कळत होतं आणि मी त्याला गप्प बसवत होते. मग मी लेकीकडून परत आले आणि तू, जी पोरीसाठी रात्रीचा दिवस करायचीस, ती मला सांगतेस की चमचा धरायला जमत नाही. मी बहिरी आहे, खुळी नाही. कुठेतरी तेव्हाच कळलं की तू काहीतरी पदराआड घेते आहेस, आणि ते माझंच आहे. दुसऱ्यानं आपल्याला असं पाठीशी घातलं की आधी उपकार वाटत नाहीत, राग येतो. तो सगळा तुझ्यावर काढला. आणि तिथेच राहिले असते तर तिनं माझ्याकडे बघून आ केला असता. तिला नाही म्हणणं मला जमलं नसतं. म्हणून गेले.

नातीला मात्र भरवते, रोज. ते तुझ्यामुळे.

आता ऐक. मंगळवारी सकाळच्या गाडीनं निघतो, संध्याकाळी पोचू. दादांना जिन्याची सवय गेली आहे, भाऊजींना खाली उभं राहायला सांग. गुरुवारी मी ठकूच्या उशाशी राहीन, तू माझ्याजवळ राहा. खुर्चीचं कापड बदलू देऊ नकोस. तो वाकड्या मानेचा चमचा टाकला नसशील तर नीट ठेव. त्यानं भरवायचं नाही, पण तिच्या हातात द्यायचा आहे.

त्या नव्या आवाजाचं म्हणशील तर मला तो ऐकू येणारच नाही. त्याची काळजी करू नकोस. माझा हात तिच्या पाठीवर असेल आणि मला आधीच कळेल. ती हसेल की नाही ते माझ्या हातात नाही. पण म्हणायचं ते मी रोज म्हणेन, तिला खरं वाटेपर्यंत.

तुला पोच नाही म्हणाले होते. ती मलाच नव्हती. तुझ्या पत्राची आता घेऊन येते आहे.

तुझी,
ताई